चोवीस पोर्ट, एक ऑसिलेटर: क्लॉक कुणाला, कसा आणि किती स्वच्छ

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकत असेल तर तिथल्या तिथे सांगता येईल. तुम्ही चोवीस गिगाबिट तांब्याचे पोर्ट आणि १० गिगाबिटचे चार एसएफपी-प्लस पोर्ट (ज्यांत फायबरचं किंवा तांब्याचं मॉड्यूल खोचतात) असलेला नेटवर्क स्विच बनवताय. मध्ये एक स्विच चिप, तिच्याभोवती आठ-आठ पोर्टांचे तीन फाय (तारेवरचा सिग्नल आणि डिजिटल डेटा यांच्यात भाषांतर करणाऱ्या चिपा), पीसीआय-एक्स्प्रेसवर लटकवलेला छोटा सीपीयू आणि रिसेट, एलईडी वगैरे सांभाळायला एक सीपीएलडी (छोटी प्रोग्रॅमेबल लॉजिक चिप). बेत असा, की २५ मेगाहर्ट्झचा एकच भारीतला ऑसिलेटर (ठरलेल्या चालीने क्लॉकचे ठोके देणारा भाग) घ्यायचा, त्यापुढे फॅन-आउट बफर (एका क्लॉकच्या अनेक प्रती देणारी चिप) लावायचा आणि तिथून सगळ्यांना क्लॉक द्यायचा. लेआउट करणारा विचारतोय, सगळ्या क्लॉक ट्रेसची, म्हणजे बोर्डवरच्या तांब्याच्या रेषांची, लांबी जुळवायची का. कुणीतरी झीरो-डिले बफर (आउटपुटाच्या कडा इनपुटाच्या कडांशी जुळवणारा) सुचवलाय. आणि मार्केटिंगवाल्यांनी तुम्हाला न विचारता ब्रोशरवर ‘सिंक-ई रेडी’ छापून टाकलंय (सिंक-ई म्हणजे सिंक्रोनस इथरनेट, तारेवरूनच फ्रिक्वेन्सी पुढे पोचवणं).

थोडक्यात उत्तर: लांबी जुळवू नका, झीरो-डिले बफर घेऊ नका, एकच ऑसिलेटर चालेल पण तो एकच असला पाहिजे असं काही बंधन नाही. ब्रोशरवरच्या त्या दोन शब्दांनी मात्र क्लॉकचं अख्खं झाड बदलतं. आता कारणं सांगतो.

गोंधळ होतो तो ‘सगळ्यांना एकच क्लॉक’ या बोलण्यात. त्यात तीन वेगवेगळ्या मागण्या दडलेल्या असतात. एक, फ्रिक्वेन्सी ठरलेल्या मर्यादेत हवी. दोन, क्लॉक स्वच्छ हवा, म्हणजे त्याच्या कडा (सिग्नल खाली-वर होण्याचे क्षण) मागेपुढे थरथरायला नकोत; या थरथरीलाच जिटर म्हणतात. तीन, दोन ठिकाणच्या कडा एकाच क्षणी यायला हव्यात. साध्या इथरनेट स्विचमध्ये पहिली मागणी सोपी आहे, दुसरी महाग आहे आणि तिसरी जवळपास नसतेच. लांबी जुळवणं हे तिसऱ्या मागणीचं औषध. तो आजार तुमच्या बोर्डाला झालेलाच नाही.

पहिली मागणी घेऊ. आयईईई ८०२.३ या इथरनेटच्या मानकानुसार गिगाबिट आणि १० गिगाबिटला क्लॉक ±१०० पीपीएममध्ये (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) असला की झालं. (१०० गिगाबिट प्रति लेनच्या नव्या पोर्टांना ±५० पीपीएम लागतात, पण ते तुमच्या बोर्डावर नाहीत.) म्हणजे लिंकच्या दोन टोकांत जास्तीत जास्त २०० पीपीएमचा फरक पडू शकतो. १५१८ बाइटांचं मोठं पॅकेट म्हणजे १२,१४४ बिट. त्यावर २०० पीपीएमने अडीच बिटसुद्धा घसरण होत नाही. ९००० बाइटांचं जम्बो घेतलं तरी साधारण साडेचौदा बिट. एवढं पोटात घ्यायला प्रत्येक पोर्टात एक लवचीक बफर (थोडे बिट साठवणारी जागा, क्लॉकचा बफर नव्हे) असतो आणि दोन पॅकेटांमधल्या १२ बाइटांच्या मोकळ्या जागेत तो स्वतःला पुन्हा मध्यावर आणतो. शिवाय येणाऱ्या डेटाचा क्लॉक त्या डेटातूनच काढला जातो, तुमच्या ऑसिलेटरवरून नाही. पुढे अख्खं पॅकेट मेमरीत जातं आणि दुसऱ्या पोर्टाच्या क्लॉकवर बाहेर पडतं. थोडक्यात, इथरनेट घडलंय तेच ‘प्रत्येकाचं घड्याळ वेगळं’ हे धरून. तीन फायना तीन वेगळी क्रिस्टलं लावलीत तरी स्विच उत्तम चालेल, आणि स्वस्तातले कित्येक स्विच तसेच चालतात.

याचा एक परिणाम मात्र टेस्टिंगवाल्यांना छळतो. टेस्टर तुमच्या पोर्टात शंभर टक्के लाइन रेटने ६४ बाइटांची पॅकेटं ओततोय, म्हणजे गिगाबिटला सेकंदाला १४,८८,०९५. तुमचा ऑसिलेटर टेस्टरपेक्षा ३० पीपीएमने मंद असेल, तर दर सेकंदाला सुमारे ४५ पॅकेटं जास्तीची येतात आणि ती बाहेर काढायला वेळच उरत नाही. पॅकेटं साठवणारा बफर हळूहळू भरतो आणि काही वेळाने पॅकेटं गळायला लागतात. रिपोर्ट येतो, ‘शंभर टक्क्यांवर लॉस’. मग सॉफ्टवेअरवाले रांगांचं कॉन्फिगरेशन खोदत बसतात. आधी दोन्हीकडची फ्रिक्वेन्सी मोजा. काही स्विच चिपांमध्ये पाठवताना पॅकेटांमधलं अंतर अगदी किंचित कमी करायची सोय असते, ती याचसाठी.

आता दुसरी मागणी. खरे पैसे आणि खरी डोकेदुखी इथेच आहे.

बोर्डवरच्या कुणाला काय लागतं ते आधी कागदावर उतरवा. प्रत्येक इनपुट पिनसमोर फ्रिक्वेन्सी, सिग्नलचा प्रकार, जिटरची मर्यादा आणि ती मर्यादा कोणत्या बँडमध्ये दिली आहे, एवढं लिहा. तुमच्याकडे यादी साधारण अशी निघेल: फायना २५ मेगाहर्ट्झ, एकेरी सिग्नल. स्विच चिपच्या सर्डेसना (डेटा एकामागे एक बिट असा वेगाने पाठवणाऱ्या-घेणाऱ्या भागांना) १५६.२५ मेगाहर्ट्झ, डिफरन्शिअल, म्हणजे दोन तारांवर उलटसुलट. सीपीयू आणि पीसीआय-एक्स्प्रेसला १०० मेगाहर्ट्झ, एचसीएसएल या प्रकारचा डिफरन्शिअल सिग्नल. सीपीएलडीला काहीही, त्याला जिटरचं सोयरसुतक नाही. एसएफपी-प्लस मॉड्यूलला क्लॉक द्यायचाच नसतो, कनेक्टरवर त्यासाठी पिनच नाही. जुन्या एक्सएफपी मॉड्यूलला होती, म्हणून काही जुन्या स्कीमॅटिकांत ते नेट अजून लोंबकळताना दिसतं.

या यादीतली एक ओळ लाल पेनाने लिहा: पीसीआय-एक्स्प्रेसचा क्लॉक आणि इथरनेटचा क्लॉक यांची कधीही गाठ पडू देऊ नका. बोर्डातून बाहेर पडणारं विद्युतचुंबकीय उत्सर्जन कमी दिसावं म्हणून पीसीआय-एक्स्प्रेसच्या क्लॉकवर बऱ्याचदा स्प्रेड स्पेक्ट्रम चालू असतो. त्यात फ्रिक्वेन्सी ३० ते ३३ किलोहर्ट्झच्या चालीने ०.५ टक्क्यापर्यंत खाली ओढली जाते. ०.५ टक्का म्हणजे ५००० पीपीएम, आणि इथरनेटची मर्यादा १००. एकाच प्रोग्रॅमेबल जनरेटरमधून दोन्ही काढत असाल, तर स्प्रेड त्या एकाच आउटपुटावर आहे की आतल्या सामाईक व्हीसीओवर (सगळ्या आउटपुटांची फ्रिक्वेन्सी घडवणाऱ्या ऑसिलेटरवर), हे डेटाशीटमध्ये शोधून काढा. मी तर पीसीआय-एक्स्प्रेसला वेगळी चिप देतो. चार पैसे जास्त जातात, पण झोप चांगली लागते.

सर्डेसचा हिशेब असा. १० गिगाबिटचा लाइन रेट १०.३१२५ गिगाबिट प्रति सेकंद, म्हणजे १५६.२५ मेगाहर्ट्झच्या बरोबर ६६ पट. एका बिटाचा वेळ सुमारे ९७ पिकोसेकंद. रेफरन्स, म्हणजे सर्डेसला दिलेला क्लॉक, ६६ पटीने वर नेला, की त्याचा फेज नॉइज (जिटरचंच फ्रिक्वेन्सीनुसार मांडलेलं रूप) ३६ डेसिबलने वर चढतो. तोच रेट २५ मेगाहर्ट्झवरून काढायचा म्हटला तर ४१२.५ पट, म्हणजे ५२ डेसिबल. म्हणून वेगवान सर्डेसना वरच्या फ्रिक्वेन्सीचा रेफरन्स मागतात. तुमच्या ‘सगळ्यांना २५ मेगाहर्ट्झ’ या बेताला पहिला सुरुंग इथेच लागतो. फायची क्यूएसजीएमआयआय बाजूही (चार गिगाबिट पोर्ट एकत्र करून स्विच चिपकडे नेणारी) ५ गिगाबिटची आहे. तो क्लॉक फाय स्वतःच २५ मेगाहर्ट्झवरून काढतो की वेगळा १२५ मेगाहर्ट्झ मागतो, हे प्रत्येक उत्पादकाचं निराळं असतं.

बफर किती घाण घालतो? बफरचा ॲडिटिव्ह जिटर, म्हणजे त्याने स्वतः घातलेला, वर्गांची बेरीज करून आणि तिचं वर्गमूळ काढून मिळवायचा. ऑसिलेटर १५० फेमटोसेकंदांचा आणि बफर ८० चा, तर एकूण १७०, म्हणजे २३० नव्हे. एकामागे एक असे तीन बफर लावले तर साधारण २०४. चांगल्या बफराचं भय बाळगू नका. झीरो-डिले बफर मात्र आत पीएलएल (येणाऱ्या क्लॉकच्या मागे चालून नवा क्लॉक घडवणारं सर्किट) घेऊन येतो, त्या पीएलएलचा स्वतःचा नॉइज असतो, आणि बदल्यात तो जे देतो ते म्हणजे कडांची जुळणी, जिची तुम्हाला गरज नाही. म्हणून तो नको.

डेटाशीटवरचा ‘१२ किलोहर्ट्झ ते २० मेगाहर्ट्झ’ हा बँड सोनेट या जुन्या फायबर-मानकातल्या ओसी-४८ वेगाच्या काळापासून चालत आलाय. तुलनेला तो ठीक आहे, पण तुमच्या लिंकला नेमकं काय दुखतं ते त्यावरून कळेलच असं नाही. सावकाश डोलणाऱ्या जिटरचा माग रिसीव्हरचा सीडीआर (डेटातून क्लॉक काढणारा भाग) स्वतः काढतो; १० गिगाबिटमध्ये ही क्षमता साधारण ४ मेगाहर्ट्झपर्यंत धरतात, आणि तिथवर पोचेतो ती कमी कमी होत जाते. अतिवेगवान जिटर पाठवणाऱ्या सर्डेसचा पीएलएल गाळून टाकतो. नडतो तो मधला, काही शे किलोहर्ट्झ ते काही मेगाहर्ट्झचा. आणि योगायोग बघा, आपले स्विचिंग रेग्युलेटर नेमके याच पट्ट्यात चालतात.

याचं एक उदाहरण जवळून दाखवतो. एका ग्राहकाचा बोर्ड तपासायला आला होता. तांब्याचे पोर्ट ठणठणीत. १० गिगाबिटच्या पोर्टांवर १ मीटरची डीएसी केबल (दोन्ही टोकांना मॉड्यूल असलेली तांब्याची) लावली तर एकही एरर नाही, ५ मीटरची लावली की अधूनमधून सीआरसी एरर, म्हणजे पॅकेटातला डेटा बिघडल्याची खूण. केबल बदलून झाली, सर्डेसच्या सेटिंगांशी खेळून झालं. ऑसिलेटरच्या पायावर फेज नॉइज ॲनालायझर लावला तर चित्र स्वच्छ. बफरच्या आउटपुटावर लावला तर २ मेगाहर्ट्झच्या आसपास एक उंच सुळका. बोर्डावरचा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर तिथेच चालत होता. पण बफरच्या सप्लायला तर फेराइट बीड होता! तोच तर कारण होता. कमी करंटला तो बीड साधारण ०.६ मायक्रोहेन्रीच्या कॉइलसारखा वागत होता आणि त्याच्या पलीकडे, बफरच्या पिनेपाशी, ०.०१ मायक्रोफॅरडचा एकुलता एक सिरॅमिक कपॅसिटर. दोघांचं रेझोनन्स काढा, २ मेगाहर्ट्झच येतं. ज्याने रिपल अडवायचं तोच ते वाढवून आत सोडत होता. बीड तसाच ठेवला आणि त्या कपॅसिटरला समांतर १ मायक्रोफॅरड लावला, त्याच्या सिरीजमध्ये ८.२ ओहमचा रेझिस्टर. सुळका बसला, एरर गेले. म्हणून क्लॉक चिपच्या सप्लायला ‘बीड लावला की झालं’ असं समजू नका. बीड आणि कपॅसिटरचं गणित करा, किंवा सरळ वेगळा कमी-नॉइजचा एलडीओ (स्विचिंग न करणारा रेग्युलेटर) द्या. आणि हो, हे साध्या ऑसिलोस्कोपवर दिसायचं नाही. स्कोपचा स्वतःचाच जिटर बहुधा तुम्ही शोधताय त्यापेक्षा मोठा असतो.

आता तारा ओढण्याबद्दल, थोडक्यात. एका आउटपुटाला एकच इनपुट, हा नियम मोडू नका. २५ मेगाहर्ट्झ म्हणजे काय मोठं, म्हणून एकच ट्रेस तिन्ही फायवरून माळेसारखी ओवत नेणारे भेटतात. प्रश्न २५ मेगाहर्ट्झचा नसतो, कडेच्या वेगाचा असतो. मधल्या फायला कडेच्या मध्यावर परावर्तनाची पायरी दिसते आणि तो एका कडेच्या दोन मोजू शकतो. बफरच्या आठ आउटपुटांपैकी तीन वापरा, प्रत्येकाच्या पायाशी सिरीज रेझिस्टर द्या (२२ किंवा ३३ ओहमपासून सुरुवात, नक्की किंमत बफरच्या आउटपुट इम्पिडन्सवर), उरलेली आउटपुटं बंद करा. क्रिस्टलचा मात्र असा वाटा पडत नाही. क्रिस्टल हा फायच्या आतल्या ऑसिलेटरचाच अर्धा भाग असतो. त्याच्या पायावरून दुसऱ्या चिपला तार काढली, की लोड कपॅसिटन्स बदलतो आणि फ्रिक्वेन्सी सरकते. वाटायचं असेल तर ऑसिलेटरच घ्या, आणि फायची क्लॉक पिन किती व्होल्टचा सिग्नल सोसते ते आधी बघा. कित्येक फायना तिथे ३.३ व्होल्ट चालत नाहीत.

डिफरन्शिअलमध्ये सगळ्यात जास्त घोळ एलव्हीपीईसीएल या सिग्नल-प्रकाराचा. त्याच्या आउटपुटाला जमिनीकडे डीसी वाट लागते, ३.३ व्होल्टला साधारण १५० ओहम, कपॅसिटरच्या अलीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला. ती विसरलात तर सिग्नल येतो, पण कसाबसा, आणि प्रोटोटाइप चालतो, पण उत्पादनात काही बोर्ड रुसतात. एलव्हीडीएस या दुसऱ्या प्रकाराला रिसीव्हरपाशी १०० ओहम. तो चिपच्या आत आधीच असेल तर बाहेर दुसरा लावू नका, सिग्नल निम्मा होतो.

लांबीबद्दल आता सोक्षमोक्ष लावू. एफआर-४ या नेहमीच्या बोर्डवर सिग्नलला दर मिलिमीटरला ६-७ पिकोसेकंद लागतात. एका फायची क्लॉक ट्रेस दुसऱ्यापेक्षा १० सेंटिमीटर लांब असेल तर त्याची कड ६०० ते ७०० पिकोसेकंद उशिरा येईल. येऊ द्या. त्या फायला दुसऱ्या फायच्या कडेशी काही देणंघेणं नाही. दोघांमधली देवाणघेवाण सर्डेसमधून होते आणि सर्डेस आपला क्लॉक डेटातूनच शोधतो. नागमोडी ट्रेस काढून उलट शेजारच्या सिग्नलांचा उपद्रव वाढतो. जुळवायचं ते एका डिफरन्शिअल जोडीतल्या दोन तारांना. आणि सीपीयूच्या मॅनेजमेंट पोर्टाला आरजीएमआयआय (फाय आणि सीपीयूमधली समांतर तारांची जोडणी) वापरत असाल, तर तिथे क्लॉक आणि डेटा एकमेकांशी. तिथे क्लॉक सुमारे २ नॅनोसेकंद उशिरा लागतो, आणि तो उशीर नेमका एकाच बाजूने घालायचा असतो. फाय आणि सीपीयू दोघांनीही घातला की लिंक दिवा पेटतो, पिंग मात्र जात नाही.

सुरुवातीचा क्रम हा दुर्लक्षित विषय. प्रोग्रॅमेबल क्लॉक जनरेटर आय-टू-सी बसवरून सीपीयूने भरायचा, आणि सीपीयूला क्लॉक त्याच जनरेटरकडून! असे स्कीमॅटिक मी पाहिलेत. सीपीयूचा क्लॉक तरी स्वतंत्र ठेवा, किंवा जनरेटरच्या आतल्या ओटीपीत (एकदाच लिहिता येणाऱ्या मेमरीत) अशी सेटिंग जाळून घ्या की वीज येताच आउटपुटं बरोबर सुरू होतील. फाय आणि स्विच चिपचा रिसेट क्लॉक स्थिर झाल्यावरच सोडा. जनरेटरची लॉक पिन सीपीएलडीला द्या आणि रिसेट तिच्यावर बांधा. ‘१०० मिलिसेकंद पुरेत’ असा अंदाज थंडीत चुकतो.

एक क्लॉक गेला तर अख्खं यंत्र मरतं, याचं जगजाहीर उदाहरण २०१७ चं. फेब्रुवारीत सिस्कोने जाहीर केलं, की काही राउटर आणि स्विचमधला क्लॉक सिग्नलचा एक घटक साधारण १८ महिन्यांनंतर निकामी होऊ शकतो, आणि तो झाला की यंत्र पुन्हा चालू होणार नाही. त्याच सुमाराला इंटेलच्या ॲटम सी२००० मालिकेच्या त्रुटिपत्रकात एलपीसी या सीपीयूला हळू भाग जोडणाऱ्या बसचं क्लॉक आउटपुट बंद पडू शकतं अशी नोंद आली. एलपीसी म्हणजे बसमधला अगदी किरकोळ इसम; पण बूट त्याच्यावरून होत असेल तर तोच मुकादम. तेव्हा यादीत सीपीयूच्या बारीकसारीक क्लॉकांनाही ओळ द्या. निदान सीपीएलडीत प्रत्येक महत्त्वाच्या क्लॉकसाठी एक छोटा मोजणारा काउंटर ठेवा, म्हणजे मेलेला बोर्ड परत आला तर कोण गेलं ते कळेल.

आता ब्रोशरकडे. सिंक-ईचा अर्थ असा, की एका पोर्टावरून आलेली फ्रिक्वेन्सी घ्यायची, स्वच्छ करायची आणि बाकी सगळ्या पोर्टांवरून तीच बाहेर पाठवायची. आतापर्यंत प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चाललं. आता सगळ्यांनी एकाच्या मागे चालायचं. त्यामुळे प्रत्येक फायकडून आणि स्विच चिपकडून सापडलेला क्लॉक (येणाऱ्या डेटातून काढलेला) बाहेर काढणाऱ्या पिना लागतात. त्या सगळ्या एका डीपीएलएलकडे (डिजिटल पीएलएलकडे), आणि फायंचे २५ मेगाहर्ट्झ व सर्डेसचे १५६.२५ मेगाहर्ट्झ हे दोन्ही त्या डीपीएलएलमधून. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या जी.८२६२ मानकानुसार इनपुट नसताना फ्रिक्वेन्सी ±४.६ पीपीएममध्ये राहायला हवी, आणि पर्याय १ मध्ये पीएलएलची बँडविड्थ १ ते १० हर्ट्झ. ±१०० पीपीएमचा ऑसिलेटर इथे कामाचा नाही, टीसीएक्सओ (तापमानाचा परिणाम भरून काढणारा ऑसिलेटर) हवा. होल्डओव्हर, म्हणजे इनपुट गेल्यावर स्वतःच्या बळावर टिकणं, लांब हवा असेल तर ओसीएक्सओ (क्रिस्टल स्थिर तापमानात ठेवणारा). सीपीयू आणि पीसीआय-एक्स्प्रेस या झाडाबाहेरच ठेवा, कारण इनपुट बदलताना डीपीएलएल हलेल, तेव्हा सीपीयू अडखळायला नको.

तीन ठिकाणी लोक हमखास ठेच खातात. पहिलं, फायबर निघाली तेव्हा काय होतं. सिग्नल गेल्यावर सीडीआर रिकामा बसत नाही, तो स्थानिक रेफरन्सवर येऊन क्लॉक देत राहतो. आणि तो स्थानिक रेफरन्स कुठून आला? तुमच्याच डीपीएलएलमधून. म्हणजे डीपीएलएल स्वतःच्या शेपटीमागे धावायला लागतो, आणि त्याच्या फ्रिक्वेन्सी मॉनिटरला सगळं शून्य पीपीएमवर आलबेल दिसतं. म्हणून सिग्नल जाताच क्लॉक तिथेच गप्प करणारी हार्डवेअर सोय फायमध्ये आहे का, ते आधी बघा. सॉफ्टवेअर पोलिंगवर विसंबू नका.

दुसरं, तांब्याचं गिगाबिट. १००० बेस-टीमध्ये एक टोक मास्टर आणि दुसरं स्लेव्ह असतं, आणि स्लेव्ह आपलं पाठवणंही मास्टरच्या क्लॉकवरच करतो. ऑटो-निगोशिएशनने तुमचा पोर्ट मास्टर झाला, तर समोरून तुम्हाला तुमचाच क्लॉक परत मिळेल. ज्या पोर्टावरून फ्रिक्वेन्सी घ्यायची तो सक्तीने स्लेव्ह करावा लागतो. तांब्याचा एसएफपी लावाल तर आणखी अडचण: त्याच्या आत स्वतंत्र फाय आणि सहसा स्वतःचं क्रिस्टल असतं, त्यामुळे सिंक-ईची साखळी मॉड्यूलमध्येच तुटते. हे ग्राहकाला आधी सांगा.

तिसरं, गोल फिरणारा क्लॉक. तुम्ही ज्याच्याकडून क्लॉक घेताय तोही तुमच्याकडून घ्यायला लागला, तर दोघंही सावकाश वाहवत जातात. जी.८२६४ मानकातले ईएसएमसी संदेश (क्लॉकचा दर्जा शेजाऱ्याला कळवणारे) यासाठीच आहेत: सेकंदाला एक, आणि ज्या पोर्टावरून घेताय तिथे उलट दिशेने ‘वापरू नका’ असा दर्जा सांगायचा. पाच सेकंद संदेश आला नाही तर तो स्रोत बाद. हे काम सॉफ्टवेअरचं, पण ते नसेल तर ‘सिंक-ई रेडी’ हा शब्द पोकळ आहे.

उद्या कुणी पीटीपी (नेटवर्कवरून अचूक वेळ पोचवणारा प्रोटोकॉल) मागितलं तर सुरुवातीची तिसरी मागणी, म्हणजे कडा एकाच क्षणी, खऱ्या अर्थाने येते. जी.८२७३.२ च्या क्लास सी बाउंडरी क्लॉकला (एका पोर्टावर वेळ घेऊन बाकीच्यांवर पुढे देणाऱ्या यंत्राला) एका यंत्राची जास्तीत जास्त चूक ३० नॅनोसेकंद चालते, आणि स्थिर चूक ±१०. तिथेही १५६.२५ मेगाहर्ट्झच्या लांबीला फार अर्थ नाही. अर्थ आहे तो सेकंदाला एक येणाऱ्या वनपीपीएस पल्सच्या लांबीला, आणि टाइमस्टॅम्प फायमध्ये घेतला जातो की स्विच चिपमध्ये, याला. तिन्ही फायंमध्ये टाइमस्टॅम्प घेत असाल तर वनपीपीएस तिघांपर्यंत पोचायला लागणारा वेळ मोजून सॉफ्टवेअरमध्ये वजा करा; ट्रेस जुळवण्यापेक्षा ते सोपं. किती टोकाला जाता येतं ते पाहायचं असेल, तर सर्नमध्ये सुरू झालेला व्हाइट रॅबिट प्रकल्प वाचा. सिंक-ई आणि पीटीपी एकत्र करून, वर फेजचं बारीक मोजमाप घेऊन त्यांनी एका नॅनोसेकंदाच्या आतली जुळणी साधली, आणि त्यातलं बरंच पीटीपीच्या मानकाच्या, म्हणजे आयईईई १५८८ च्या, २०१९ च्या आवृत्तीत आलं. त्यांच्या स्विचचं स्कीमॅटिक खुलं आहे, क्लॉकचं पान वाचण्यासारखं आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. स्विच एसीतल्या रॅकमध्ये बसणार की नागपुरात मे महिन्यात रस्त्याकडेच्या पेटीत? दुसऱ्या ठिकाणी टीसीएक्सओची तापमानाची श्रेणी आणि त्याची जागा दोन्ही बदलतात. पंख्याच्या झोतात टीसीएक्सओ ठेवू नका. पंख्याचा वेग बदलला की फ्रिक्वेन्सी डोलते. होल्डओव्हर किती हवा? फ्रिक्वेन्सीत शंभर कोटींत एक भाग चूक राहिली, तर दिवसाला ८६.४ मायक्रोसेकंद घसरण होते. ५जीच्या टीडीडीला (एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवणं-घेणं) एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत १.५ मायक्रोसेकंदांची मर्यादा आहे, म्हणजे अशा चुकीला ती २५ मिनिटांत संपली. आणि बोर्डावर जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रहांचा) रिसीव्हर येणार का? २५ मेगाहर्ट्झचा ६३ वा हार्मोनिक १५७५ मेगाहर्ट्झवर पडतो, आणि जीपीएस एल-१ आहे १५७५.४२ वर. तेव्हा २५ मेगाहर्ट्झच्या ट्रेस आतल्या थरात, अँटेनाच्या कनेक्टरपासून लांब.

तुमच्या जागी मी काय करेन ते सांगतो. पहिल्या उत्पादनात सिंक-ई खरंच लागणार आहे का, हे ब्रोशरवाल्यांकडून लेखी घ्या. ‘नंतर कधीतरी’ असं उत्तर आलं, तर दोन झाडं मांडा. सीपीयू, पीसीआय-एक्स्प्रेस, सीपीएलडी यांचं एक स्वस्त जनरेटर घेऊन स्वतंत्र झाड. इथरनेटच्या झाडाच्या मुळाशी डीपीएलएलची जागा ठेवा, टीसीएक्सओची जागा ठेवा, आणि फायंच्या व स्विच चिपच्या सापडलेल्या क्लॉकच्या ट्रेस तिथपर्यंत आत्ताच ओढून ठेवा. नंतर त्या ओढायच्या म्हणजे नवा बोर्डच. आज तिथे डीपीएलएलऐवजी १५६.२५ आणि २५ मेगाहर्ट्झचे दोन साधे ऑसिलेटर बसतील, प्रत्येकाला आपापला बफर. दोन्हींतली निवड शून्य ओहमच्या रेझिस्टरने करायची, पण ते रेझिस्टर एकमेकांच्या पॅडवर पॅड चढवून असे ठेवा की न वापरलेल्या फांदीचं शेपूट लोंबकळणार नाही. बफरच्या एका रिकाम्या आउटपुटाला छोटा कोॲक्स कनेक्टर काढून ठेवा, मोजताना कुणाच्या तरी पायावर प्रोब धरून बसायला नको. लेआउटवाल्याला सांगा, क्लॉकच्या नागमोडी काढून टाक आणि ती जागा सप्लायच्या कपॅसिटरांना दे.